पाच, सहा, सात, आठ

बाबा म्हणतात, बँकेत लाग.
मी रोज रात्री बँकेतच असते की,
फक्त काचेच्या अलीकडे.

बोपोडीत, मेट्रोच्या खांबाशी,
गृहकर्जाच्या पाटीचा दिवा विझला
की तिची काळी काच आमचा आरसा होते.
आम्ही पाच जण. स्पीकर अझीमचा,
त्याचं चार्जिंग पानवाल्याच्या कृपेनं.
माझे बूट जुन्या बाजारातले,
डाव्याचा तळ दोनदा चिकटवलेला.
तो सुटायला लागला की
मला माझ्या आधी ऐकू येतं.

वॉचमन भुजंगमामा, परभणीकडचे.
पहिला महिना हुसकावण्यात गेला.
दुसऱ्या महिन्यात खुर्ची आमच्याकडे वळवून म्हणाले,
"माय, तुमची मोजणी पाचापासून काहून?
एक, दोन, तीन, चार
कुठं सांडून आल्या?"

सगळे हसले. मीही.
मग हॅरिस पुलावरून दापोडीकडे चालताना
हसू कुठंतरी गळून पडलं.
खाली जलपर्णीच जलपर्णी.
तिच्याखाली मुळा आहे
असं धरूनच आपण पूल ओलांडतो.

मार्चमध्ये वाकडच्या एका सोसायटीचं काम मिळालं.
स्नेहसंमेलन, अकरा बायका, सात हजार.
गेटवरच्या वहीत लिहिलं: श्रावस्ती ओव्हाळ.
कशासाठी? कोरिओग्राफी.
रकाना पुरला नाही,
"फी" शेजारी, गाडीच्या नंबरात जाऊन पडली.

त्यांना मोबाईलमधलंच हवं होतं, हुबेहूब.
मी छातीचा एक झटका करून दाखवला.
अकराही जणींनी केला
आणि क्लबहाउसला उचकी लागली.

नीलांबरी दातार, वय अडुसष्ट,
गुडघा डिसेंबरात बदललेला.
"मी मागे उभी राहून टाळ्या देईन गं,"
असं म्हणत त्या पाणी प्यायला उठल्या,
म्हणजे आधी उठल्या नाहीत.
तळवे खुर्चीच्या हातांवर टेकले.
थांबल्या.
ओठ न हलवता आत काहीतरी गोळा केलं,
कुठल्या कुठल्या खोल्यांतून
माणसं बोलवावीत तसं.
आणि मग उठल्या.

पाचव्याला.
मी मोजत होते.

आपल्यात नाच बसवतात, असं म्हणतात.
मी अकराजणींना खरोखरच बसवलं,
प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्च्यांवर.
एक ते चार: काही करायचं नाही.
"काहीच नाही?" "काहीच नाही."
हे शिकवायला तीन रविवार लागले.
एकीचा हात सारखा पदराकडे जायचा,
एकीला त्या चारांत दूध उतू गेल्याचं आठवायचं.
बाकी सगळं, वळणं, रांगा, तो झटकासुद्धा,
दीड तासात बसलं.

कार्यक्रमाच्या रात्री मी कडेला, ॲम्प्लिफायरशेजारी,
वायरींच्या चिकटपट्टीवर एक पाय देऊन.
पहिल्यांदाच बूट असून
मला कुठं जायचं नव्हतं.
बोटं मांडीवर.
दिवे लागले. अकरा खुर्च्या. काहीच नाही.
पुढच्या रांगेतलं एक पोर मोठ्यानं म्हणालं,
"हँग झालं का?"

आणि दातारबाई उठल्या.
बाकीच्या दहा त्यांच्या मागोमाग,
जणू सगळ्यांचेच गुडघे
त्यांनी आपल्याकडून उसने दिले होते.

साडेसहा हजार आले.
पाचशे मीटिंगमध्ये मंजूर झाल्यावर.

मोबाईल बाबांपुढे धरला.
एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढलेला माणूस,
आकडा लांब धरून वाचला.
"किती वेळ नाचलीस याच्यासाठी?"
"मी नाचलेच नाही."
"मग दिले कशाचे?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.
ते चष्मा शोधायला उठले,
बसखालून बाहेर यावं तसे:
आधी उजवा खांदा, मग मान वाकवून,
वर काहीच नसताना
डोकं जपत.

हे त्यांना सांगितलं नाही.
मी ते ठेवून घेतलं.